बुजवलेली विहीर शोधून देणारी सर्वे सर्विस: पाचपैकी साडेचार

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबलाय. ज्यांना फक्त पैसे वसूल झाले का एवढंच हवंय त्यांच्यासाठी: झाले. विहीर सापडली, त्यांनी सांगितलेल्या जागेपासून दीड हातावर सापडली. अर्धा मार्क का कापला ते शेवटी लिहिते. आणि त्यांचं नाव इथं टाकत नाहीये, कारण यात आधीच्या एका सर्विसबद्दल वाईट लिहायचंय, मग एकाचं नाव लपवायचं आणि दुसऱ्याची जाहिरात करायची ते मला बरं वाटत नाही. पुण्याची दोन माणसांची छोटी टीम आहे एवढंच.

तर आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. वाड्याच्या मागं पावणेदोन एकराचा तुकडा आहे, त्याला अख्खी भावकी अजून "मळा" म्हणते, जरी गेली पस्तीस-चाळीस वर्षं तिथं पावसावरचा वाघ्या घेवडा आणि नंतर ज्वारी याशिवाय काही पिकलेलं नाही. मळा म्हणतात कारण तिथं मोटेची विहीर होती. होती म्हणजे सगळ्यांना माहितीय की होती, पण नक्की कुठं ते कुणालाच सांगता येईना. थोरले चुलते आप्पा, त्यांनीच ती बुजवली, 86-87 च्या सुमाराला, आणि आप्पा आता नाहीत.

का बुजवली त्याची तीन कारणं घरात तीन माणसं तीन पद्धतीनं सांगतात. एक म्हणजे वासरू पडलं. दुसरं म्हणजे गावात नळ आला आणि मळ्यात बोअर मारला, मग विहिरीकडं बघतंय कोण. तिसरं आई सांगते, नारू. आमच्या विहिरीला एका बाजूनं पायऱ्या होत्या, खाली उतरून घागर बुडवायची. आताच्या पोरांना नारू म्हणजे काय तेच माहीत नाही, तर पायाला फोड यायचा, त्यातून लांबलचक जंत हळूहळू बाहेर यायचा, आणि तसा पाय कुणी पायविहिरीत बुडवला की अळ्या पाण्यात, पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात, आणि तेच पाणी दुसऱ्यानं प्यायलं की वर्षभरानं त्याच्या पायाला फोड. म्हणून 1983-84 पासून देशभर मोहीम सुरू झाली तेव्हा पायऱ्यांच्या विहिरी बंद करा नाहीतर वरून कठडा बांधून रहाट लावा असं सांगितलं जायचं. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. मला वाटतं आप्पांनी तिन्ही कारणं एकत्र करून एका उन्हाळ्यात निकाल लावला असणार, त्यांचा स्वभावच तसा होता.

आता विहीर हवी कशाला? पाण्यासाठी नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. वाटण्या झाल्या, मळ्याचा पश्चिमेकडचा भाग आमच्याकडं आला, आणि तिथं आईसाठी दोन खोल्यांचं घर बांधायचं ठरलं. आरसीसी इंजिनिअर जागा बघायला आले आणि सहज विचारलं, इथं काही जुनं पुरलंय का हो, मी म्हणलं विहीर आहे कुठंतरी, तर त्यांनी हातातली डायरीच मिटली. म्हणाले ताई, विहीर कुठंय ते मला खडूनं आखून द्या मगच फुटिंगचं, म्हणजे पायाचं, बोलू. कारण सरळ आहे, बाकीचे कॉलम मुरमावर आणि एक कॉलम चाळीस वर्षांपूर्वीच्या सैल भरावावर आला तर तो भराव कधीतरी बसणार, आणि तेवढाच कोपरा खाली जाणार, भिंती तडकणार. वास्तुवाले जे सांगतात ते वेगळं, ते पण भावकीनं ऐकवलंच.

म्हणजे लाखाच्या घरात खर्च करायच्या आधी एक गोल शोधायचा होता. सोपं वाटलं.

पहिला उपाय अर्थातच कागद. सातबाऱ्यावर जलसिंचनाच्या रकान्यात "विहीर" आहे, इतर हक्कात "विहिरीत निम्मा हिस्सा" असं चुलत भावाकडच्या बाजूचं नावही आहे, म्हणजे सरकारदरबारी आमची विहीर ठणठणीत आहे, फक्त जमिनीवर नाही. मग भूमी अभिलेखच्या ऑफिसातनं गाव नकाशा आणि जुन्या सर्वे नंबरचं टिपण, म्हणजे मोजणीच्या वेळचा मापं लिहिलेला कच्चा नकाशा, काढलं. इथं एक सांगते, गटवारी झाल्यावर नंबर बदललेत, त्यामुळं आधी गट नंबरचा जुना सर्वे नंबर शोधून घ्या नाहीतर तीन हेलपाटे होतात, माझे झाले. टिपण हातात आलं तर मापं सगळी साखळी-आण्यात. एक साखळी म्हणजे 33 फूट, तिचे 16 आणे, म्हणजे एक आणा साधारण दोन फूट. आणि एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा, हे मला वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी कळलं, तोवर गुंठा म्हणजे 1089 फूट हे नुसतं पाठ होतं, हा विचित्र आकडा कुठनं आला कधी डोक्यातच आलं नव्हतं.

टिपणात विहिरीचा गोल होता. पण बांधापासून त्याचं अंतर लिहिलेलं नव्हतं, बहुतेक मोजणारानं डोळ्यानंच काढला असावा. आणि गाव नकाशा आमचा एक इंचाला 660 फूट या मापाचा, त्यात विहीर म्हणजे ठिपका, आणि अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका म्हणजे जमिनीवर 13 फूट. वर त्या नकाशाची झेरॉक्सची झेरॉक्स. त्यामुळं कागदांनी एवढंच सांगितलं की विहीर आमच्याच बाजूला आहे, साधारण मधोमध, म्हणजे बरोबर जिथं घर येणार तिथं.

दुसरा उपाय पाणाडी मामा. हसू नका, गावाकडं ही पहिली सर्विस असते आणि माझा चुलतभाऊ त्यांना न विचारताच घेऊन आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालत गेले, एका जागी नारळ उभा राहिला, तिथं खुंटी ठोकली. 1,100 रुपये, टॉवेल-टोपी आणि नारळ आमचाच. माणूस अतिशय सज्जन, त्यावर चहाशिवाय काही घेतलं नाही, त्यांच्याबद्दल माझं काही वाकडं नाही. पण तिथं सहा फूट खोदलं आणि मुरूम लागला, अस्सल, कधीच न हललेला. मामा म्हणाले पाणी हाय की खाली, पंचवीस फुटावर. असेलच हो. आमच्या भागात काळ्या पाषाणाच्या वर जो पिचलेला थर असतो त्यात पावसाळ्यानंतर कुठंही खणलं तरी ओल लागते, म्हणूनच तर नारळ सहसा चुकत नाही. पण आम्हाला पाणी नको होतं, खड्डा हवा होता, आणि ते दोन वेगळे प्रश्न आहेत हे मला तोवर नीट मांडता आलं नव्हतं.

तिसरी सर्विस म्हणजे ज्यांच्यामुळं मला हा रिव्ह्यू लिहायची खाज आली. ऑनलाइन शोधून एक एजन्सी बोलावली, जमिनीखालचं सगळं स्कॅन करून देतो असं त्यांचं म्हणणं, जीपीआर म्हणजे जमिनीत रडार सोडणारं मशीन. फोनवर एकही प्रश्न नाही, फक्त एरिया किती आणि अडव्हान्स कधी. आले दोन पोरं, हिरवळ कापायच्या मशीनसारखी ट्रॉली, ती मळ्यातनं दीड तास ढकलली, 22,000 घेतले आणि चार दिवसांनी रंगीबेरंगी पीडीएफ, त्यात तीन लाल फुल्या. पहिल्या फुलीवर खोदलं, जुना सिमेंटचा पाइप. दुसरीवर एक भलामोठा धोंडा. तिसरीवर काहीही नाही, नुसती काळी माती, तिच्याखाली अजून काळी माती. फोन केला तर म्हणे मॅडम आम्ही अनॉमली (खाली काहीतरी वेगळं आहे एवढंच) सांगतो, विहीर सांगत नाही. मग आधी सांगायचं होतं ना.

नंतर दुसऱ्यांनी समजावलं तेव्हा कळलं की रडारच्या लाटा चिकण काळ्या मातीत शिरल्या शिरल्या मरतात, मीटर-दीड मीटरच्या खाली जवळजवळ काही दिसत नाही, ओल असेल तर तेवढंही नाही. कोरड्या वाळूत किंवा फरशीखाली तेच मशीन भारी काम करतं. म्हणजे मशीन वाईट नव्हतं, माझ्या मळ्यात आणणारा माणूस वाईट होता, कारण माती कुठली आहे हे त्यानं विचारायला पाहिजे होतं आणि ते त्याला माहीत असणारच. हे पैसे गेले. एक स्टार पण नाही.

आता मूळ रिव्ह्यू. या टीमचा नंबर माझ्या ऑफिसमधल्या एकाकडून मिळाला, त्यांच्या सोसायटीत बोअरसाठी यांनी काम केलं होतं. फोन केला तर पलीकडचे सर पंचवीस मिनिटं नुसते प्रश्न विचारत होते. माती कसली, किती खोलीवर मुरूम, जवळ तारेचं कुंपण आहे का, विजेची लाइन जाते का, जमिनीत लोखंडी पाइप आहे का, विहीर गोल का चौकोनी, दगडाची का विटेची, पायऱ्या होत्या का, मोट होती का. मी म्हणलं मोट होती, आजोबांच्या वेळी दोन बैलांची. तर म्हणाले मग घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोण आहे, त्यांच्याशी माझं बोलणं करून द्या, मी येण्याआधी. आणि दुसरं वाक्य: मशीननं होईलच याची खात्री देत नाही, नाही सापडली तर निम्मे पैसे घेईन. मी तिथंच ठरवलं.

घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस म्हणजे माझी आत्या, ब्याऐंशी वर्षांची, फलटणकडं दिलीय. व्हिडिओ कॉल लावला. सरांनी तिला विहीर कुठं होती हे विचारलंच नाही! विचारलं की आत्याबाई, तुम्ही धुणं कुठं धुवायचात. झालं, आत्या सुरूच झाली. थारोळ्याजवळ (मोटेचं पाणी पडायची काठावरची दगडी जागा) धुणं, थारोळ्यातनं पाट निघायचा तो मिरचीच्या वाफ्याकडं, मोटेचं पहिलं पाणी अंगावर उडायचं, बैल मागं मागं चढायला लागले की आम्ही उठून बाजूला व्हायचो. बैल जाताना कुठं तोंड करून जायचे? "अगं बाय, वाड्याकडं की! दुपारी परतायची वेळ झाली की वाडा बघून बैल आपसूक पळायचं, दादाला हाकावं लागत नव्हतं."

हे एक वाक्य मी पाच वेळा तिच्याकडून आधी ऐकलं होतं, बैलांच्या कौतुकात. त्यात विहिरीचा पत्ता आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ज्यांनी मोट बघितली नाही (मी पण नाही) त्यांच्यासाठी: मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, खाली सोंड, नाडा आणि सोल अशा दोन दोरांवर वरखाली करायची. बैल विहिरीपासून लांब जातात तशी ती भरून वर येते आणि थारोळ्यात ओतते. ज्या वाटेनं बैल जातात ती धाव, आणि धाव मुद्दाम उताराची करतात, विहिरीकडं उंच आणि पुढं खाली, म्हणजे बैलाचं वजनच ओढायला मदत करतं. आणि धावेची लांबी साधारण पाणी जितकं खोल तितकी, कारण दोर तेवढाच खेचायचा असतो. आता कळलं का सरांना कशात इंटरेस्ट होता? विहीर बुजवता येते, पण पिढ्यानपिढ्या बैलांनी तुडवलेली धाव सपाट केली तरी खालची जमीन दगडासारखी घट्ट राहते. पुढच्या रविवारी आम्ही मुलांना घेऊन लिंबची बारा मोटेची विहीर बघून आलो, आमच्यापासून फार लांब नाही, 1719 ते 1724 मध्ये वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली, 110 फूट खोल आणि 50 फूट रुंद. तिथं वर उभं राहून मोटेच्या जागा बघितल्या की सगळं एका मिनिटात समजतं, मी सांगून नाही समजणार. आमची विहीर म्हणजे तिच्यापुढं वाटी.

मे महिन्यात शनिवारी सकाळी साडेसहाला टीम हजर, पुण्यातनं पहाटे निघून. मशीन गाडीतच. सर आधी चालत सुटले, चुलतभावाला बरोबर घेऊन, आणि विचारलं की ज्वारी कुठं बुटकी राहते. भाऊ म्हणाला हे काय, इथं एक पट्टा आहे, वाड्याच्या मागच्या भिंतीपासून असा तिरका वर जातो, दरवर्षी तिथं पीक गुडघ्याएवढंच, आम्ही खत जास्त टाकतो तरी. सरांनी पहार घेतली आणि पट्ट्यात आणि पट्ट्याबाहेर आलटून पालटून मारत गेले, बाहेर पहार हातभर जायची, पट्ट्यात वीतभर जाऊन टण्. मोबाइलवर सॅटेलाइटचे जुने फोटो काढले, एका उन्हाळ्याच्या फोटोत तोच पट्टा फिकट दिसत होता, खडूची रेघ ओढल्यासारखा. चाळीस-एक फूट लांब, आणि वरच्या टोकाला बंद.

बरं एवढ्यावर थांबले का, नाही. चहाला वाड्यात आले तर गोठ्याच्या जोत्याकडं बघत बसले. मी म्हणलं काय झालं सर. म्हणाले हे दगड इथले नाहीत. आमचा गोठा आप्पांनीच बांधलाय, जोत्याला चांगले घडीव काळे चिरे आहेत, आम्हाला वाटायचं वाड्याच्या पडक्या भिंतीचे असतील. त्यांनी बोट लावून दाखवलं, दोन चिऱ्यांच्या कडेला गुळगुळीत खोल खाचा, दोर घासून पडतात तशा. आणि दुसरं म्हणजे चिऱ्याची एक बाजू सरळ नाहीच, किंचित बाक आहे, आत वळलेला. दोन फुटी चिऱ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि मधोमध पट्टीनं मोजलं, पाऊण इंचाला थोडं कमी. वहीत गणित केलं आणि म्हणाले तुमची विहीर सोळा ते अठरा फूट व्यासाची आहे, आणि वरचे थर इथं गोठ्याला लावलेत, म्हणजे शेतात काठ वर शोधू नका, दोन-तीन फूट खालीच मिळेल.

मी चाळीस वर्षं त्या जोत्यावर बसून शेंगा खाल्ल्यात. अक्षरशः विहिरीवर बसून.

नऊ वाजता मशीन निघालं. यांचं मशीन रडारचं नाही, रेझिस्टिव्हिटीचं, म्हणजे जमिनीत ओळीनं सळ्या ठोकायच्या, एक मीटरवर एक अशा 48, सगळ्या एका केबलला जोडायच्या, मग मशीन आळीपाळीनं दोन सळ्यांतून करंट सोडतं आणि दुसऱ्या दोन सळ्यांमध्ये किती व्होल्टेज आलं ते बघतं. सळ्यांमधलं अंतर वाढवलं की करंट जास्त खोल जातो. एकूण ओळीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी खोली दिसते असं ते म्हणाले, म्हणजे आमच्या ओळीत नऊ-दहा मीटर. ओली काळी माती करंटला सहज जाऊ देते, कडक पाषाण अडवतो, त्यामुळं चित्रात माती निळी आणि पाषाण लाल. मेमध्ये जमीन इतकी वाळलेली की सळीला करंटच लागेना, मग प्रत्येक सळीच्या मुळाशी मिठाचं पाणी ओतायचं, ते काम माझ्या दोन्ही मुलांनी केलं, घरातलं खडेमीठ संपलं. मी विचारलं की धातू शोधायचं मॅग्नेटवालं मशीन का नाही, तर म्हणाले आपला काळा दगड स्वतःच चुंबकीय आहे, ते मशीन इथं येड्यासारखं करतं, विटांच्या विहिरी जिथं असतात आणि खाली गाळाची माती असते तिकडं चालतं.

अख्खा मळा मोजायची गरज पडली नाही. धावेच्या वरच्या टोकाला आडव्या तीन ओळी आणि एक उभी. दुसऱ्या ओळीतच लॅपटॉपवर दिसलं, डावीकडून लाल पट्टा येतोय, मध्ये तुटतोय, निळा खांब खाली गेलाय, परत लाल पट्टा सुरू. मला तर वाटलं झालं काम, पेढे आणू का. पण सर म्हणाले थांबा, पाइपसुद्धा असं फसवू शकतो, आणि उभी ओळ घेतली. तीही तिथंच तुटली. मग चुना टाकून अठरा फुटांचा गोल आखला, गोलाच्या बाहेर अजून सहा फुटांवर दुसरा, आणि भावाला सांगितलं की जेसीबी या बाहेरच्या गोलाच्या आत आणायचा नाही, काही झालं तरी, बाहेर उभा राहून हात लांब करून ओढायचं. बुजवलेल्या विहिरीत काय होतं की वरचा भराव दगडात अडकून कमानीसारखा उभा राहतो आणि खाली पोकळी असू शकते, वर वजन आलं की एकदम जाते. हे ऐकल्यावर मला आठवलं की आम्ही पोरं तिथं सगळ्या सुट्टीत क्रिकेट खेळलोय. असो.

सोमवारी जेसीबी लावला, तासाला 1,200, पाच तास. एका वेळी अर्धा-पाऊण फूट ओढायला लावलं, ड्रायव्हर कंटाळला होता पण ऐकलं त्यानं. अडीच फुटांवर बकेटचा आवाज बदलला. पुढचं फावड्यानं आणि हातानं. पहिला चिरा, मग त्याच्या शेजारचा, मग वळण दिसायला लागलं. भावानं दोरी लावली, आतून आत साडेसतरा फूट. चुन्याच्या गोलापासून एका बाजूला दीड हात सरकलेली, बाकी तंतोतंत. भरावात काय निघालं विचारू नका, वाड्याची माती, फुटके कौल, डालड्याचा डबा, एक रबरी चप्पल, आणि थारोळ्याची दगडी पन्हळ, आडवी पडलेली. आत्याला व्हिडिओवर ती पन्हळ दाखवली, ती काही बोललीच नाही, नुसता पदर डोळ्याला लावला, मग म्हणाली घासून ठेवा, हळदीचे डाग पडायचे तिला.

इंजिनिअर आले, घर चाळीस फूट पूर्वेला सरकवलं, प्लॅन तोच. म्हणजे मूळ काम इथं संपलं. पण एकदा काठ दिसल्यावर कुणाला राहवतंय, भावानं यारीवाला (विहिरीतला गाळ वर ओढणारं मशीन असणारा) बोलावला आणि गाळ-भराव काढायला सुरुवात केली, खर्च निम्मा-निम्मा, कारण सातबाऱ्यावर निम्मा हिस्सा आहे ना त्याचा, हे त्यानं मला हसत हसत पण दोनदा आठवण करून दिलं. हे जे कुणी करणार असाल त्यांनी दोन गोष्टी पाळा. जुन्या विहिरीत माणूस उतरवण्याआधी हवा चांगली आहे का ते बघा, कंदील किंवा मेणबत्ती सोडतात ती फक्त प्राणवायू आहे का तेवढंच सांगते, विषारी वायू सांगत नाही, त्यासाठी गॅस मोजायचं छोटं मशीन मिळतं ते भाड्यानं आणा. आणि पेट्रोल-डिझेलचं इंजिन विहिरीत उतरवून पाणी उपसू नका, त्याच्या धुरानं माणसं जागच्या जागी जातात, इंजिन वरच ठेवा.

आता पैसे. 28,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 33,040. येण्याजाण्याचा खर्च त्यातच. स्वस्त नाही. पण ज्या माणसानं दोन दिवसांचं काम एका दिवसात संपवलं, आणि दुसऱ्या दिवसाचे पैसे आपणहून लावले नाहीत, त्याला मी महाग म्हणणार नाही. आधीचे 22,000 वाचले असते तर जास्त आनंद झाला असता. तुमच्याकडं अशी हरवलेली विहीर असेल तर मशीनवाल्याला फोन करण्याआधी म्हाताऱ्या माणसांशी बोलून घ्या, आणि विहीर कुठं हे विचारू नका, त्यांना ते आता आठवत नसतं. धुणं कुठं, बैल कुठं, पाट कुठं, मार कुठं खाल्ला, हे विचारा. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेतात कुठं पाणी चटकन मुरतं ते बघा. गोठा, उंबरा, तुळशीचं जोतं यातले दगड बघा. हे सगळं फुकट आहे, आणि चांगला सर्वेवाला असेल तर तो आल्याआल्या हेच विचारणार. नाही विचारलं तर अडव्हान्स देऊ नका.

ही टीम फोन उचलते, वेळेवर येते, जेवणाची अपेक्षा करत नाही (आम्ही पिठलं-भाकरी खाऊ घातलीच), ठोकलेल्या सगळ्या सळ्या मोजून परत नेते, एकही खड्डा उघडा ठेवत नाही. बरोबरचा पोरगा नवीन होता, एका ओळीत दोन सळ्यांच्या वायर उलट्या लावल्या, सरांनी शांतपणे परत लावायला सांगितल्या, ओरडले नाहीत. हे पण बघते मी.

आता अर्ध्या मार्काचं. लेखी रिपोर्ट आठ दिवसांत देतो म्हणाले होते, कारण इंजिनिअरना फाइलला लावायचा होता. आठाचे पंधरा झाले, पंधराचे तीस. दर वेळी "उद्या पाठवतो ताई". शेवटी आला तो सगळा इंग्रजीत, बावीस पानांचा, आणि शेवटच्या पानावर लिहिलेलं की सदर ठिकाणी जुनी विहीर असण्याची दाट शक्यता आहे, खात्रीसाठी खोदकाम करून बघावे. तो ईमेल मी काठावर बसून वाचला, तेव्हा विहीर तेरा फूट मोकळी झाली होती आणि पाचवी पायरी दिसत होती.